पुढचे पडले म्हणून सुवर्ण? ह्याला खेळ म्हणायचं?

खाडीपलीकडचा: हिवाळी ऑलिंपिक आलं की काही जणांना स्पीड स्केटिंगचं ज्ञान फुटतं. अंगाला चिकटलेले कपडे घालून गोल गोल फिरायचं, आणि पुढचे सगळे आपटले की मागचा सुवर्ण घेऊन घरी. २००२ ला ऑस्ट्रेलियाचा ब्रॅडबरी असाच जिंकला. कोकणातल्या माणसाने हे कशाला बघायचं? आमका बरफ म्हायत तो बांगड्यांवर घालूचो.

सड्यावरची: लिहिणार नव्हते, पण शेवटच्या वाक्याने डोकं फिरलं. दोन वेगळे खेळ एकाच टोपलीत भरलेत तुम्ही. ब्रॅडबरीचा तो शॉर्ट ट्रॅक. १११ मीटरचा फेरा, चार-पाच जण एकदम, आपटाआपटी होणारच. लाँग ट्रॅक ४०० मीटरचा. दोघं आपापल्या लेनमध्ये, दर फेऱ्याला लेनची अदलाबदल, शर्यत घड्याळाशी. २०१० ला व्हँकुव्हरमध्ये स्वेन क्रेमर दहा हजार मीटरला सगळ्यांपेक्षा चार सेकंद आधी पोचला. पण मध्येच कोचने चुकीच्या लेनमध्ये घातलं होतं, बाद! तिथे बघा जरा.

आणि ब्रॅडबरी नशिबाने जिंकला म्हणता? १९९४ ला दुसऱ्याच्या पात्याने मांडी चिरली, १११ टाके. २००० ला मान मोडली. पुढचे एकमेकांना पाडणार हे ओळखूनच तो मागे राहिला होता.

खाडीपलीकडचा: म्हणजे पडण्याची वाट बघत बसला. मी वेगळं काय म्हटलं?

मिरकरवाडा: बांगड्यांवर घालायचा बर्फ तरी वेळेवर कुठे मिळतो? लाइट गेली की लादी नाही, लादी नाही की होडी धक्क्यालाच. चालू द्या तुमचं.

सड्यावरची: एरिन जॅक्सन फ्लोरिडाची. तिथे कुठला बर्फ? चाकांच्या स्केटवर वाढली, २०१६ पासून बर्फावर, २०२२ ला बीजिंगमध्ये ५०० मीटरचं सुवर्ण. माझी मुलगी शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर तसंच चाकांचं इनलाइन स्केटिंग करते. डिसेंबरात तिथे क्रिकेट टूर्नामेंटचा मंडप होता. मंडप गेला, रिपांचे खिळे राहिले. एक चाकाखाली आला, पोरगी हनुवटीवर आपटली. तीन टाके. बर्फ सोडा हो, कोर्ट तरी झाडून द्या.

अंडरआर्म_किंग: ताई, टूर्नामेंटवर घसरू नका. स्केटिंगला चार पोरं, आमच्याकडे चाळीस संघ. चाकरमानी रजा टाकून येतात. वडापाववाल्याचं वर्षाचं निघतं, देवळाचे पत्रे त्यातूनच झाले.

सड्यावरची: पत्रे देवळाला, खिळे पोरांना.

अंडरआर्म_किंग: तोंड सांभाळून. देवळाला मध्ये आणायचं नाही.

खाडीपलीकडचा: देवळाला तूच आणलंस रे. आणि रात्री दोनला डीजेवर कॉमेंट्री कशाला लागते? आमचे अण्णा ऐंशीचे आहेत, मे महिनाभर कानात कापूस घालून झोपतात.

अंडरआर्म_किंग: तुम्ही कोणाच्या बाजूचे?

खाडीपलीकडचा: डीजे सोडून कोणाच्याही.

मिरकरवाडा: फ्लडलाइटला बरी लाइट मिळते, बर्फाच्या फॅक्टरीला नाही.

अंडरआर्म_किंग: जनरेटर आहे आमचा, स्वतःच्या पैशाचा! आणि खिळे मंडपवाल्याचे, आमचे नाहीत.

सड्यावरची: मंडपवाल्याला बोलावलं कोणी? मी दोनदा झाडू मारला, तरी खिळे निघतातच. जांभ्याच्या भुकटीत गंजलेला खिळा दिसतो का सांगा. सगळं लालच.

अंडरआर्म_किंग: …झाडूने नाही जमत ते. जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून ओढायचं. पिच करताना आम्ही तसंच करतो.

सड्यावरची: म्हणजे माहीत होतं! पिचवर ओढलंत, कोर्टवर नाही!

अंडरआर्म_किंग: रविवारी फायनल आहे. सोमवारी सकाळी येतो चुंबक घेऊन. पोरीला तोवर उतरवू नका.

खाडीपलीकडचा: क्रेमरचं ते बघितलं आत्ता. कोचला तिथेच बर्फात पुरायला हवा होता. पण ब्रॅडबरीचं सुवर्ण मी मानत नाही.