आपल्या हाती सोपवलेलं : तुमच्या घरचे अनुभव लिहा

परवा आमच्या चर्चच्या मंडळीत हंगामाचा सण झाला. उपासनेनंतरच्या लिलावात आमच्या परसातला दुधी 450 रुपयांना गेला. ज्यांनी घेतला, तेच दुपारी तो घेऊन आमच्या दारात हजर! “वहिनी, शिजवा. रात्री जेवायला येतो.” पाळकसाहेब म्हणाले होते, मळा धन्याचा, म्हणजे देवाचा, आपण नुसते कारभारी. तुमच्या घरी हे कारभारीपण कशात दिसलं? उपदेश नको, घडलेलं लिहा.

नगरची लेक : आमच्याकडे मूठ. आजी भाकरीला पीठ घेताना पहिली मूठ चुलीमागच्या डब्यात टाकायची, रविवारी डबा देवळात. 1972च्या दुष्काळात आजोबा खडी फोडायला जायचे, घरात मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकरी. तेव्हाही मूठ चुकली नाही. फक्त आजी आईला हाक मारायची, “ये गं, आज तुझ्या हातानं टाक.” आई पाच वर्षांची होती. आजीनं तिलाच का बोलावलं, हे आईला फार उशिरा कळलं. तिची मूठ लहान.

वसईकर : आमची विहीर गोड्या पाण्याची. टँकरवाले रोख पैसे द्यायचे. शेजाऱ्यांनी पाणी विकलं, आम्हीही एक उन्हाळा विकलं, खोटं कशाला बोलू. पाणी मचूळ झालं, पानवेली करपल्या. त्याच सुमारास फादर दिब्रिटोंची हरित वसई चळवळ जोरात होती. बाबा एका सभेला गेले, घरी येऊन टँकरवाल्याला नाही म्हणाले. पाणी पुढे सुधारलं. वेली काही पुन्हा धरल्या नाहीत.

गोधडी : पणजी 1897च्या दुष्काळात पोरकी झाली, केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशन या आश्रमात वाढली. चिंधी फेकायची नाही, हा तिचा दंडक. तिच्या गोधडीत मी झोपलोय, टोचायची फार.

मागच्या बाकावरचा : जरा कडू लिहितो. आमच्या मंडळीत कोणी किती दिलं ते नावानिशी वाचायचे. बाबा गेले त्या वर्षी आईच्या नावापुढे “काही नाही” असं वाचलं. ती मान खाली घालून बसली. मी आजही पाकिटावर नाव घालत नाही. शनिवारी जाऊन बाकं पुसतो, तेवढं मात्र आनंदानं.

नगरची लेक : दुधीचं काय झालं पण?

धागाकर्ती : सात जण आले. येशूनं पाच भाकरींत हजारोंना जेवू घातलं, तसा चमत्कार आमच्या स्वयंपाकघरात होत नाही, शेवटी पिठलं टाकलं.