‘विथ हर’ की ‘विथ हरसेल्फ’? इंग्रजीतील आत्मवाचक सर्वनामांविषयी मदत हवी आहे

नमस्कार. मी मराठी माध्यमातील आठवी-नववीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. आत्मवाचक सर्वनामे शिकवताना मी एका ठिकाणी अडले आहे आणि जाणकारांची मदत हवी आहे.

मायसेल्फपासून देमसेल्व्ह्जपर्यंतची आठ रूपे मुले पाठ करतात. आपल्याकडे एकटा ‘स्वतः’ मी, तू, ती, आम्ही या सर्वांना पुरतो, म्हणून सुरुवातीला रूप निवडताना त्यांचा गोंधळ होतो, पण तो सरावाने जातो. कर्ता आणि कर्म एकच असेल तर ‘सेल्फ’ घ्यायचे, हेही त्यांना पटते. ‘शी सॉ हर इन द मिरर’ म्हटले तर आरशात दुसरीच कोणी दिसली असा अर्थ होतो, हे सांगितल्यावर ती चूक सहसा पुन्हा होत नाही.

खरी अडचण शब्दयोगी अव्ययांच्या जागी येते. ‘तिने छत्री स्वतःबरोबर नेली’ या वाक्याचे भाषांतर एका मुलीने ‘शी टूक ॲन अंब्रेला विथ हरसेल्फ’ असे केले. मी ते ‘विथ हर’ असे दुरुस्त केले, तेव्हा तिने विचारले, ‘बाई, नेणारी तीच आहे ना, मग सेल्फ का नाही?’ मीच शिकवलेल्या नियमाने तिचे म्हणणे बरोबर होते. शिवाय मराठीत ‘तिने छत्री तिच्याबरोबर नेली’ म्हटले की बहुधा दुसरीच कोणी मनात येते, म्हणजे या ठिकाणी आपली भाषा इंग्रजीपेक्षा काटेकोर आहे. उलट ‘शी वॉज अँग्री विथ हरसेल्फ’ या वाक्यात अव्यय तेच असूनही ‘हरसेल्फ’ हवेच, नाहीतर राग दुसऱ्या कोणावर तरी जातो.

मला सुचलेली विभागणी अशी आहे: अव्यय केवळ जागा किंवा सोबत दाखवत असेल, जसे ‘ही लुक्ड बिहाइंड हिम’ किंवा ‘आय हॅव नो मनी विथ मी’, तर साधे सर्वनाम येते, परंतु राग, अभिमान, बोलणे किंवा पाहणे ज्याच्याकडे वळते तो कर्ता स्वतःच असेल, जसे ‘ही लुक्ड ॲट हिमसेल्फ’, तर ‘सेल्फ’ येते. मात्र ‘शी पुल्ड द ब्लँकेट ओव्हर हर’ आणि ‘ओव्हर हरसेल्फ’ ही दोन्ही रूपे चालतात, आणि ‘एकटीने’ या अर्थाचे ‘बाय हरसेल्फ’ तर ठरीव शब्दप्रयोग म्हणूनच सांगावे लागते.

ही विभागणी व्याकरणाच्या दृष्टीने टिकते का, आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना ती परिभाषेच्या ओझ्याशिवाय कशी समजावावी? ज्यांनी हे प्रत्यक्ष वर्गात शिकवले आहे त्यांनी आपली उदाहरणे कृपया द्यावीत. त्या मुलीला मी अजून नीट उत्तर दिलेले नाही. पुढच्या तासाला ते द्यायचे आहे.