मेलमनची सभासद यादी टर्मिनलवरून बदलताना कोणी चुकून वगळले जाऊ नये, यासाठी काय करावे?

पाणकावळा_पाषाण

नमस्कार. आमच्या हौशी पक्षीनिरीक्षक गटाची ईमेल यादी मेलमन २.१ या ईमेल याद्या चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालते आणि तिची व्यवस्था गेल्या महिन्यापासून माझ्याकडे आली आहे. यादीत सुमारे ६०० पत्ते आहेत. एप्रिलमध्ये वर्गणी जमा झाली की खजिनदार चालू सभासदांची एक्सेल फाइल देतात आणि त्याप्रमाणे यादी जुळवून घ्यावी लागते. सर्व्हरवर एसएसएचने (दुरून सुरक्षित जोडणी करून) लॉगिन करण्याची मला परवानगी आहे आणि लिनक्सच्या साध्या कमांड मी वापरते, पण मेलमनच्या कमांड मी अजून एकदाही चालवलेल्या नाहीत.

धास्तीचे कारण सांगते. गेल्या वर्षी त्या फाइलमध्ये लावलेला फिल्टर काढायचा राहून गेला, त्यामुळे फक्त कोथरूड आणि बाणेरची नावे उतरली, आणि तीच फाइल तशीच सिंक केल्याने, म्हणजे यादी हुबेहूब त्या फाइलसारखी केल्याने, बाकीचे सगळे एका झटक्यात यादीबाहेर गेले. बहुतेकांना पुढच्या आठवड्यात परत घेतले, तरी काही पत्ते राहून गेलेच. पाषाण तलावावरच्या नोंदी वर्षानुवर्षे नेमाने पाठवणाऱ्या एका आजोबांचा समज झाला की आपल्याला गटातून काढून टाकले. त्यांनी कोणाला विचारलेही नाही. दिवाळीनंतर प्रत्यक्ष भेट झाली तेव्हा ही गोष्ट कळली, आणि ते मला अजून विसरता आलेले नाही.

दुसरी शंका अशी की जीमेल वापरणाऱ्या अनेक सभासदांचे टपाल आपोआप बंद झालेले दिसते, मात्र त्यांचे पत्ते चालू आहेत. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे का?

जुना_प्रशासक

ताई, दोन्ही प्रश्न वेगळे आहेत. मी पहिल्याविषयी लिहितो.

सर्वांत आधी बॅकअप घ्या, आणि तो नेमक्या गोष्टीचा घ्या. कॉन्फिग_लिस्ट या कमांडने यादीच्या सेटिंगची फाइल मिळते, पण तिच्यात सभासदांची नावे नसतात, आणि बरेच जण तिच्यावर विसंबून फसतात. सभासद, त्यांचे पासवर्ड आणि प्रत्येकाची निवड हे सारे यादीच्या फोल्डरमधील कॉन्फिग डॉट पीसीके या फाइलमध्ये असते, म्हणून तिची प्रत तारीख घालून बाजूला ठेवा. शिवाय लिस्ट_मेंबर्स या सभासदांचे पत्ते छापणाऱ्या कमांडचे आउटपुट एका साध्या मजकूर फाइलमध्ये उतरवून घ्या, म्हणजे अडचणीच्या वेळी ते डोळ्यांनी वाचता येईल.

त्यानंतर खजिनदारांच्या फाइलमधला फक्त ईमेलचा रकाना वेगळा काढा. विंडोजवर जतन केलेल्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारे चिन्ह असते. कॅट कमांडला मोठ्या लिपीतील ए हा पर्याय दिला की ते टोपी आणि एम अशा रूपात, डॉलर चिन्हाच्या आधी, उमटलेले दिसते. ते तसेच ठेवून आपण दोन फाइल कॉम कमांडने ताडून पाहिल्या, तर एकही पत्ता जुळत नाही आणि सगळी यादीच बदलली आहे असे वाटून छातीत धस्स होते. डॉसटूयुनिक्स चालवले की ते चिन्ह जाते, आणि फाइलच्या सुरुवातीला चिकटलेले बीओएम हे अदृश्य चिन्ह असेल तर तेही जाते. मग दोन्ही फाइलमधील सर्व अक्षरे लहान लिपीत आणा, सॉर्ट करा आणि ओळी मोजा. यादीत ६०० आणि फाइलमध्ये २१० अशी तफावत निघाली, तर पुढे एकही कमांड न देता आधी खजिनदारांना फोन करा.

आता सिंक_मेंबर्स. या कमांडला नो-चेंज हा पर्याय आहे. तो दिला की ती प्रत्यक्ष काहीही न बदलता कोण वाढेल आणि कोण वगळले जाईल एवढेच छापते. ते आउटपुट फाइलमध्ये घ्या आणि त्यातील ‘रिमूव्हड’ने सुरू होणारी प्रत्येक ओळ स्वतः वाचा. ६०० पैकी ३० - ४० नावे वाचायला दहा मिनिटे पुरतात, आणि ती दहा मिनिटे वाचवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या त्या आजोबांचे नाव तिथेच दिसले असते. खरी कमांड देताना स्वागतपत्र आणि निरोपपत्र हे दोन्ही पर्याय ‘नो’ ठेवा, म्हणजे चूक झालीच तरी लोकांच्या हाती काही पडण्याआधी ती निस्तरता येईल.

आणखी एक. ज्याने फक्त पत्ता बदलला आहे, तो सिंकच्या दृष्टीने एक गेलेला आणि एक नवा असे दोन सभासद ठरतो, आणि त्याने निवडलेला डायजेस्ट (अनेक पत्रे एकत्र मिळण्याची सोय) वगैरे सारे पुसले जाते. अशांसाठी आधी क्लोन_मेंबर वापरा. ती कमांड जुन्या पत्त्याची सर्व सेटिंग आणि पासवर्ड नव्या पत्त्याला देते आणि सांगितल्यास जुना पत्ता काढूनही टाकते.

औंध_टपाल

जीमेलविषयी. लिस्ट_मेंबर्सला नोमेल हा पर्याय ‘बायबाउन्स’ या कारणासह द्या, म्हणजे परत आलेल्या टपालामुळे बंद झालेले पत्ते वेगळे निघतील. मेलमन प्रत्येक सभासदाच्या परत आलेल्या टपालाचे गुण मोजते. टपाल कायमचे नाकारले गेले तर १ आणि तात्पुरते नाकारले गेले तर ०.५ गुण मिळतो, पण एका दिवसात एकदाच. मूळ सेटिंगप्रमाणे गुण ५ झाले की त्याचे टपाल थांबते, आणि पुढे सात सात दिवसांनी तीन सूचना जाऊनही उत्तर आले नाही तर नाव यादीतून जाते.

दोष बहुधा जीमेलवाल्या सभासदांचा नाही. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी डीमार्कचे (पाठवणाऱ्याचे डोमेन खरे आहे का हे तपासण्याच्या व्यवस्थेचे) धोरण ‘रिजेक्ट’, म्हणजे तपासणीत न उतरलेली पत्रे नाकारा, असे केले. तेव्हापासून याहूचा पत्ता असलेल्या सभासदाने यादीवर पाठवलेले पत्र आपला सर्व्हर पुढे पाठवतो तेव्हा विषयात गटाचे नाव आणि खाली तळटीप जोडली गेल्याने त्याची डीकेआयएम सही (मजकूर बदललेला नाही याची डिजिटल खूण) मोडते, एसपीएफही (कोणत्या सर्व्हरला त्या डोमेनच्या नावाने पत्र पाठवता येते याची तपासणी) याहूच्या नावाशी जुळत नाही, आणि जीमेल ते पत्र नाकारते. पत्र एकाने लिहिले, पण गुण मात्र घेणाऱ्या प्रत्येकाच्या नावावर चढतात, हा अन्याय आहे आणि तो आधी थांबवला पाहिजे. मेलमन २.१.१८ पासून डीमार्क_मॉडरेशन_ॲक्शन ही सेटिंग आहे. एका मजकूर फाइलमध्ये तेवढी एकच ओळ, किंमत १ म्हणजे ‘मन्ज फ्रॉम’, अशी लिहून कॉन्फिग_लिस्टला आयात करायला द्या. बाकीच्या सेटिंगला धक्का लागत नाही. मग अशा पत्रांवर पाठवणारा म्हणून यादीचा पत्ता येतो आणि मूळ लेखकाचा पत्ता उत्तरासाठी जपला जातो.

बंद झालेले पत्ते पुन्हा चालू करण्यासाठी विथलिस्ट कमांडने यादी लॉक करून पायथनच्या खिडकीत उघडता येते. तेथे बदल केल्यावर सेव्ह करायला विसरू नका, नाहीतर बाहेर पडताच सारे पूर्ववत होते.

शनिवारपेठ_०३

वरील सर्व योग्यच आहे, पण २.१ ही आवृत्ती पायथन २ वर चालते आणि त्याचा सांभाळ १ जानेवारी २०२० रोजी थांबला, हे ध्यानात असू द्या. मेलमन ३ मध्ये हेच काम सिंकमेंबर्स या उपकमांडने होते आणि नो-चेंज तेथेही आहे. स्थलांतरासाठी इम्पोर्ट२१ ही उपकमांड तीच कॉन्फिग डॉट पीसीके फाइल वाचते. जुनी पत्रे मात्र हायपरकिटी या मेलमन ३ च्या पत्रसंग्रहात वेगळी आयात करावी लागतात. हे काम एप्रिलच्या गर्दीत काढू नका.

पाणकावळा_पाषाण

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री नो-चेंज लावून कमांड चालवली. वगळल्या जाणाऱ्या ४३ नावांपैकी ११ जणांनी केवळ पत्ता बदलला होता, तर ४ जणांची वर्गणी रोख जमा झाल्याने ती फाइलमध्ये चढलीच नव्हती. खजिनदारकाकांनी फोनवरच ती नावे सांगितली. पत्ता बदललेल्यांचे क्लोन करून झाले आहे. आजोबांचा पत्ता यादीत आहे, पण तो बायबाउन्समध्ये निघाला, म्हणजे परत घेतल्यानंतरही त्यांना टपाल जात नव्हते. ‘मन्ज फ्रॉम’ लावून आज सकाळी तो चालू केला आणि त्यांना स्वतः फोन करून रविवारच्या फेरीचे पत्र मिळाल्याची खात्री करून घेतली.