‘ॲब्स्कॉन्ड’ला सरसकट ‘फरार’ म्हणावे का?

प्रश्न – अनुवादिका

चाकणजवळच्या एका कारखान्यातून कामगारांना जाणारी पत्रे मी मराठीत उतरवून देते. मध्यंतरी, काही न कळवता अकरा दिवस गैरहजर राहिलेल्या एका कामगाराचे पत्र माझ्याकडे आले. इंग्रजी मसुद्यात ‘ॲब्स्कॉन्डिंग’ असे होते. मी शब्दकोश पाहिला आणि ‘आपण अमुक तारखेपासून कामावरून फरार आहात’ असे लिहून दिले. चार दिवसांनी त्याचे वडील ते पत्र चौघडी करून सदऱ्याच्या खिशात घालून फाटकावर आले आणि “आमच्या पोरानं दरोडा घातलाय का?” असे विचारू लागले. पोरगा गावी काविळीने अंथरुणाला खिळला होता. चूक कारखान्याच्या मसुद्याची होतीच, पण मराठी शब्द माझा होता, म्हणून मला जास्त ओशाळल्यासारखे झाले. या क्रियापदाचा नेमका अर्थ काय, आणि पळून जाण्यासाठी मराठीत इतके शब्द असताना त्यासाठी कोणता योग्य ठरेल?

उत्तर – शब्दवेल्हाळ

या क्रियापदाच्या मुळाशी पळणे नाहीच, दडणे आहे. ज्या लॅटिन शब्दावरून ते आले त्याचा अर्थ ‘लपवून ठेवणे’ असा आहे. इंग्रजीत ते अकर्मक आहे, म्हणजे माणूस कोठून तरी किंवा काहीतरी घेऊन ‘ॲब्स्कॉन्ड’ होतो. ‘त्याने पैसे ॲब्स्कॉन्ड केले’ अशा अर्थाची रचना चुकीची आहे. शिवाय मागे काहीतरी देणे, तारीख किंवा जबाबदारी टाकलेली असावी लागते. नुसता घाईने निघून गेलेला माणूस त्यात बसत नाही.

ब्रिटनच्या तुरुंग खात्याने यातला बारकावा चांगला जपला आहे. भिंत, कुलूप किंवा पहारेकरी यांवर मात करून कैदी निसटला तर त्याला वेगळे क्रियापद आहे; खुल्या कारागृहातून, कोणताही अडसर न ओलांडता निघून गेला तरच तो ‘ॲब्स्कॉन्ड’ झाला असे तेथे म्हणतात. आपल्याकडेही पहिला पोलिसांच्या हातावर तुरी देतो आणि दुसरा दडी मारतो. वर्तमानपत्रे मात्र दोघांनाही ‘पसार’ करून मोकळी होतात.

बाकीच्या शब्दांपैकी ‘पोबारा’ हा सोंगट्यांच्या खेळातल्या दानावरून आला आहे आणि त्यात किंचित गंमत आहे, त्यामुळे पत्रात तो शोभणार नाही. ‘परागंदा’ हा शब्द फारसीतला असून त्याचा मूळ अर्थ ‘विखुरलेला’ असा आहे. दुष्काळाने किंवा लुटालुटीने रयत परागंदा होते, त्यात तिचा दोष नसतो. म्हणून घोटाळा करून परदेशी गेलेल्याला ‘परागंदा’ म्हटलेले वाचले की माझ्या अंगावर काटा येतो.

उत्तर – तालुका वकील

कायद्यातही दडण्याचाच अर्थ धरला आहे. मद्रास उच्च न्यायालयाने १८८१ सालीच म्हटले होते की, या शब्दासाठी माणसाने गाव सोडलेच पाहिजे असे नाही. वॉरंट चुकवण्यासाठी तो स्वतःच्या घरात लपून बसला तरी पुरे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ८४ मध्ये (पूर्वीच्या १९७३ च्या संहितेतले कलम ८२) ‘फरारी’ व्यक्तीविरुद्ध उद्घोषणा काढण्याची तरतूद आहे. ती गावातल्या ठळक जागी जाहीर वाचायची, त्याच्या घरावर आणि न्यायालयाच्या इमारतीवर चिकटवायची आणि त्याला हजर होण्यासाठी किमान तीस दिवस द्यायचे, अशी पद्धत आहे. पुढच्याच कलमात मालमत्तेवर टाच येते. म्हणजे ‘फरारी’च्या आधी वॉरंट असते. आपल्या कामगाराच्या बाबतीत वॉरंट कुठे आहे?

नोकरीतली गैरहजेरी हा वेगळा विषय आहे. आठ दिवसांहून अधिक गैरहजर राहिल्यास नोकरी आपोआप संपते, असा एका कारखान्याचा नियम होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली डी. के. यादव प्रकरणात, बाजू मांडण्याची संधी न देता असे करता येणार नाही, असे ठरवले. मनुष्यबळ विभागांनी ‘ॲब्स्कॉन्डिंग’ हा शब्द फौजदारीतून उचलला आहे आणि तो वापरताना चौकशीआधीच निकाल लागून जातो.

उत्तर – कृष्णाकाठ

एक भर घालतो. शब्द कोण वापरतो यावरही पुष्कळ अवलंबून असते. १९४२ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील सातारा भागात इंग्रजांना चुकवत फिरत होते. सरकारच्या दृष्टीने ते फरारी होते. गावोगावच्या लोकांनी मात्र त्यांना ‘भूमिगत’ म्हटले आणि आजही आपण तेच म्हणतो. लपणे तेच, वॉरंटही तेच.

उत्तर – सातेरीवाला

थोडे अवांतर वाटेल, पण मधमाशीपालनातही हेच इंग्रजी क्रियापद वापरतात. वसाहत वाढून तिचा एक भाग नव्या घरासाठी उडाला तर त्याला ते लागू होत नाही. मुंग्या, मेणकिडे किंवा उपासमार यांमुळे राणीसकट सगळ्या माश्या पेटी रिकामी करून गेल्या, तरच ते वापरतात. आमच्या सातेरी माश्या यात पटाईत आहेत. तिथे ‘फरार’ लिहिले तर हसू येईल; आम्ही सरळ ‘माश्या पेटी सोडून गेल्या’ म्हणतो.

अनुवादिका

सर्वांचे आभार. वकीलसाहेब, नवा मसुदा असा केला आहे, एकदा नजरेखालून घालावा: ‘आपण अमुक तारखेपासून पूर्वपरवानगी न घेता कामावर गैरहजर आहात. गैरहजेरीचे कारण, आजारपण असल्यास वैद्यकीय दाखल्यासह, हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी कळवावे.’

तालुका वकील

ठीक आहे. फक्त ‘लेखी’नंतर ‘किंवा समक्ष’ घाला. अंथरुणावरच्या माणसाचे वडील येऊन सांगू शकतील.