मदत हवी आहे: सावळ्या त्वचेवरचा एक्झिमा (इसब)

नमस्कार मंडळी. माझी लेक १५ वर्षांची, रंगाने सावळी. गुडघ्यांमागे आणि कोपरांच्या खोबणीत कातडी जाड, काळपट-जांभळी झालीय. रात्री इतकं खाजवते की सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके असतात. पहिले डॉक्टर म्हणाले, "लाली कुठाय? साधा कोरडेपणा आहे." त्यात दोन वर्षं गेली. सावळ्या कातडीवर ती लाली जांभळट, राखाडीच दिसते, हे नव्या त्वचारोगतज्ज्ञांनी समजावलं. त्या आता आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती आवरणारं औषध) किंवा दर दोन आठवड्यांनी ड्युपिलुमॅबचं (एक्झिमाची सूज-खाज कमी करणारं औषध) इंजेक्शन सुचवतायत. कुणाच्या मुलांनी यातलं काही घेतलंय का? खाज कधी उतरली? खर्च किती आला? मागे राहिलेले काळे डाग फिकट झाले का? घरगुती लेप कृपया नको, लिंबाने फार आग झाली होती पोरीची.