मेड्युलोब्लास्टोमा : रेडिएशनसोबत कार्बोप्लॅटिन द्यावे का?

अनघा_के :
माझ्या भाच्याच्या लहान मेंदूतील गाठीची शस्त्रक्रिया झाली. निदान मेड्युलोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाचे असून मणक्यातही आजार पसरल्यामुळे तो उच्च जोखमीच्या गटात मोडतो. रेडिएशनसोबत रोज कार्बोप्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध द्यायचे की नाही, हे डॉक्टर गाठीचा जैविक उपगट सांगणाऱ्या मॉलिक्युलर तपासणीनंतर ठरवणार आहेत. अमेरिकेतील ज्या चाचणीचा त्यांनी दाखला दिला, तिच्या एकूण निकालात मात्र औषधाचा फायदा सिद्ध झालेला नाही. मग या औषधाचा विचार तरी का करायचा?

डॉ_मेधा :
अनघाताई, ही चिल्ड्रन्स ऑन्कोलॉजी ग्रुप या मुलांच्या कर्करोगावर संशोधन करणाऱ्या संघटनेची चाचणी असून तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्व मुलांना मेंदू व मणक्यावर ३६ ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचे एकक) रेडिएशन आणि त्यानंतर केमोथेरपी मिळाली. रेडिएशनच्या काळात कार्बोप्लॅटिन कोणाला द्यायचे, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरले. रेडिएशनने पेशीच्या डीएनएला इजा होते आणि कार्बोप्लॅटिनसारखे प्लॅटिनमयुक्त औषध ती इजा भरून येऊ देत नाही, ही त्यामागची कल्पना. पाच वर्षे आजार न उलटता राहिलेल्या मुलांचे प्रमाण औषधासह ६६ टक्के आणि औषधाविना ५९ टक्के होते, म्हणजे योगायोगाची शक्यता नाकारता येईल इतका हा फरक नव्हता. पण गाठींची जैविक उपगटांत विभागणी केल्यावर ‘ग्रुप ३’ मध्ये हेच प्रमाण ७३ आणि ५४ टक्के निघाले, तर इतर उपगटांत असा फायदा दिसला नाही. सरसकट सरासरीत ही मुले झाकली गेली होती. म्हणूनच तुमचे डॉक्टर अहवालासाठी थांबले आहेत आणि माझ्या मते ते योग्यच करत आहेत.

वि_देशमुख :
मी संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून एक सावधगिरीची सूचना. उपगटांत मुलांची संख्या थोडी उरते. ‘ग्रुप ३’ मधील फरक सांख्यिकीय कसोटीला जेमतेम उतरला आहे. त्यामुळे फायद्याची दिशा विश्वासार्ह वाटली, तरी तो नेमका किती हे त्या आकड्यांवरून छातीठोकपणे सांगता येणार नाही.

डॉ_मेधा :
देशमुख सरांचे म्हणणे रास्त आहे. शिवाय या औषधाची किंमत मुलाच्या शरीराला मोजावी लागते. मणक्यावरील रेडिएशनने तेथील अस्थिमज्जा आधीच दबलेली असते, त्यात कार्बोप्लॅटिनमुळे प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी आणखी घसरतात, रक्त द्यावे लागू शकते आणि ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. फायद्याची शक्यता नसलेल्या मुलाला हे सोसायला लावू नये, यासाठीच उपगट आधी कळणे महत्त्वाचे. मात्र अहवालासाठी रेडिएशन फार लांबवता येत नाही; ते साधारणपणे शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांत सुरू व्हावे लागते. गाठीचा पॅराफिन ब्लॉक (मेणात जतन केलेला तुकडा) मिथायलेशन तपासणीसाठी, म्हणजे उपगट ओळखणाऱ्या डीएनए तपासणीसाठी, प्रयोगशाळेत खरोखर पोहोचला आहे का, हे उद्याच विचारा. बऱ्याचदा तो पॅथॉलॉजी विभागातच पडून राहतो.

अनघा_के :
मनःपूर्वक आभार. ब्लॉक कोठे आहे आणि अहवाल वेळेत न आल्यास रेडिएशन कसे सुरू करणार, हे दोन्ही प्रश्न सकाळीच विचारते.