मातांच्या व्हॉट्सॲप गटावर नेमके काय पाठवावे?

पर्यवेक्षिका, जव्हार (पालघर):
आमच्या बीटमधील (माझ्या देखरेखीखालच्या भागातील) अंगणवाड्यांनी मातांचे व्हॉट्सॲप गट केले आहेत आणि त्यांवर स्तनपानाचे, पूरक आहाराचे, हात धुण्याचे व्हिडिओ जवळजवळ रोज जातात. उत्तरादाखल हात जोडल्याची चिन्हे येतात. गृहभेटीत मात्र आठ महिन्यांच्या बाळाला अजून डाळीचे पाणीच पाजले जात असल्याचे आढळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली होती. अशा वेळी हा विषय नुसत्या फॉरवर्डवर सोडणे मनाला पटत नाही. काय पाठवावे आणि ते पोहोचले हे कसे ओळखावे, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

बालरोगतज्ज्ञ, नाशिक:
ताई, मूळ अडचण सर्वांना एकच संदेश जाण्यात आहे. दोन महिन्यांच्या बाळाच्या आईला आणि दीड वर्षाच्या मुलाच्या आईला एकच व्हिडिओ गेला, तर त्यातले आपल्या कामाचे कोणते, हे तिने कसे ठरवायचे? जन्मतारखा तुमच्या पोषण ट्रॅकरमध्ये, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींच्या ॲपमध्ये, आहेतच. बाळाला सहा महिने पूर्ण होतील त्या आठवड्यात त्याच्या आईला सेविकेच्या आवाजातला छोटासा निरोप जावा: आता दिवसातून दोन-तीन वेळा, सुरुवातीला दोन-तीन चमचे, चमच्यावरून ओघळणार नाही इतके घट्ट अन्न द्यायचे आणि अंगावरचे दूध चालूच ठेवायचे. नववा महिना पूर्ण झाला की पुढचा निरोप, तीन-चार वेळा भरवण्याचा. डाळीच्या पाण्याने बाळाचे इवलेसे पोट भरते, पण ऊर्जा आणि प्रथिने फारशी मिळत नाहीत. म्हणून शिजलेली डाळ कुस्करून, तीत चमचाभर तेल घालून भरवताना दाखवणारा व्हिडिओ अवश्य करावा, आणि तो तुमच्याच पाड्यावरच्या एखाद्या आईच्या संमतीने, तिच्याच घरातल्या भांड्यांत करावा. आदिवासी भागांसाठीच्या शासनाच्या अमृत आहार योजनेतील अंडे बाळालाही चालते, हेही त्यात सांगावे.

स्तनपान समुपदेशक, पुणे:
डॉक्टरांशी मी सहमत आहे. बाळाला छातीशी कसे धरावे आणि त्याच्या तोंडात केवळ स्तनाग्र न जाता भोवतालचा काळसर भागही कसा जावा, हे शब्दांपेक्षा चित्रातून चांगले समजते; आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे या विषयावरील व्हिडिओ मराठीतही आहेत. गटावर दूध पावडर किंवा डबाबंद बाळआहाराची भलामण करणारे रील आले, तर मात्र ते ताबडतोब काढावे. दोन वर्षांखालील मुलांसाठीच्या अशा उत्पादनांच्या जाहिरातीला १९९२ च्या कायद्याने आणि त्यातील २००३ च्या दुरुस्तीने मनाई आहे.

अंगणवाडी सेविका, धडगाव (नंदुरबार):
आमच्याकडे फोन बहुधा नवऱ्याकडे असतो आणि तो कामाला गेला की फोनही जातो. वरील सर्वेक्षणातच देशातील केवळ ३३.३ टक्के महिलांनी कधी तरी इंटरनेट वापरल्याची नोंद आहे. त्यामुळे इथल्या पावरी बोलीत बोललेला निरोप मी लसीकरणाच्या दिवशी माझ्या फोनवर ऐकवते आणि सासूबाईंनाही जवळ बसवून घेते, कारण बाळाला काय भरवायचे हे पुष्कळ घरांत त्याच ठरवतात. निरोप पोहोचला की नाही, हे मला पुढच्या गृहभेटीत बाळाची वाटी पाहून आणि दर महिन्याच्या वजनाच्या नोंदीवरून कळते. एक विनंती: कोणत्याही बाळाचे वजन किंवा दंडघेर (दंडाच्या घेराचे माप) गटावर लिहू नये. कमी वजनाच्या बाळाच्या आईला ते एकटीला, तिच्या घरी जाऊन सांगावे. चारचौघांत कमीपणा वाटला की ती वजनाच्या दिवशी येणेच बंद करते.